बावन्न दरवाजे, बावन्न माणसं

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मला एका गावाविषयी बोलायचं आहे. हे गाव नकाशावर सापडत नाही. त्याला ग्रामपंचायत नाही, तलाठी नाही, एसटीचा थांबा नाही. तरीही महाराष्ट्रातल्या असंख्य माणसांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे, तिथल्या म्हाताऱ्यांची बोलणी ऐकलेली आहेत, तिथल्या भांडणात मनातल्या मनात एक बाजू घेतलेली आहे. हे गाव रिकाम्या रंगमंचावर एकाच माणसाच्या अंगातून उभं राहायचं आणि सुमारे तीन तासांनी त्याच अंगात परत जायचं. मी बोलतोय ते आपल्याच शहरातल्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगाविषयी.

१९७९ साली या प्रयोगाची सुरुवात झाली. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, अभिनयही त्यांचाच. देशपांडे सर आपल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. मराठवाड्यातल्या एका गावाचं वऱ्हाड विमानानं लंडनला लग्नाला निघतं, एवढीच गोष्ट. पण त्या गोष्टीत बावन्न पात्रं, आणि ती सगळी एकटा माणूस करतो. २००४ साली गिनीज बुकात त्याची नोंद झाली. २२ फेब्रुवारी २००९ रोजी सर गेले. पुढं मराठवाड्याचेच संदीप पाठक यांनी हा प्रयोग हाती घेतला आणि ते गाव पुन्हा वसवलं.

आता या आकड्यातली गंमत बघा. आपलं शहर बावन्न दरवाजांचं म्हणून ओळखलं जातं. भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, मकई दरवाजा, पैठण दरवाजा. आज सगळे उभे नाहीत. काहींची नावं तेवढी रिक्षावाल्याच्या तोंडी उरली आहेत. बावन्न दरवाजांच्या शहरातल्या एका माणसानं बावन्न माणसं अंगात घेऊन हिंडावं, हा योगायोगच. पण कवीला योगायोग सोडवत नाही. दरवाजा कशासाठी असतो? आत येण्यासाठी. आणि या नाटकातलं प्रत्येक पात्र म्हणजे प्रेक्षकाला गावात आत घेणारा एक दरवाजाच होता. कुणी म्हाताऱ्याच्या दरवाजानं आत शिरायचा, कुणी रुसलेल्या पाहुण्याच्या, कुणी विमान बघून हबकलेल्या बाईच्या. एकदा आत गेलं की आपण प्रेक्षक राहायचो नाही, आपण वऱ्हाडी व्हायचो.

मी हा प्रयोग पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात बी.ए. करत असताना. शेजारच्या खुर्चीवर कुणी अनोळखी काका होते. मध्येच ते माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, “अरे, हा तर आमचा बोरगावचा मामा!” मला हसू आलं, कारण नेमकं त्याच क्षणी मला वाटत होतं, हा तर आमचा खालूजान! त्यांचा मामा धोतरातला, माझा खालू लुंगीतला. रंगमंचावर ना धोतर होतं ना लुंगी. होता एक माणूस आणि त्याच्या खांद्यावरचं उपरणं. पण बोलताना मान तिरकी करायची, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘हां हां’ म्हणायचं आणि शेवटी आपलंच खरं करायचं, ही तऱ्हा दोघांचीही होती. ती मराठवाड्याची तऱ्हा होती.

श्रोतेहो, नेपथ्य नसण्यामागची करामत इथं आहे. रंगमंचावर वाडा उभा केला की तो एका माणसाचा वाडा होतो. त्याच्या भिंतीवरचा फोटो, कोनाड्यातला देव, दाराचं तोरण हे सगळं ठरून जातं. प्रेक्षक तो वाडा बघतो, पण तो वाडा दुसऱ्याचा असतो. रिकाम्या जागेत मात्र प्रत्येकाला आपापलं घर बांधावं लागतं. आणि स्वतः बांधलेल्या घरातून माणूस सहजी बाहेर पडत नाही.

ही गोष्ट अमेरिकेतल्या थॉर्नटन वाइल्डर या नाटककारानं १९३८ साली ‘अवर टाउन’ या नाटकात करून दाखवली होती. ग्रोव्हर्स कॉर्नर्स नावाचं एक लहानसं, कल्पनेतलं गाव. रंगमंचावर दोन टेबलं, काही खुर्च्या, शिड्या, बस्स. एक सूत्रधार प्रेक्षकांशी थेट बोलतो. इथं चर्च, इथं दुकान, हे डॉक्टरांचं घर असं हातानं दाखवत जातो. तिसऱ्या अंकात गावातली मेलेली माणसं खुर्च्यांवर बसून असतात, तीच स्मशानभूमी. त्यातल्या एमिली नावाच्या मुलीला आयुष्यातला एक दिवस परत जगायची मुभा मिळते. ती आपला बारावा वाढदिवस निवडते. घरी जाते आणि तिला दिसतं, की सगळे कामात आहेत, बोलताहेत, वावरताहेत, पण कुणी कुणाकडे नीट बघतच नाही. तिला ते सोसवत नाही. तो दिवस पुरा न जगताच ती परत फिरते. नाटक पाहून घरी आल्यावर प्रेक्षकानं आधी आपल्या माणसांकडे बघावं, यासाठी वाइल्डरनं एवढं गाव वसवलं.

आता अलीकडची गोष्ट. हल्ली परदेशात एका नव्या तऱ्हेच्या नाटकाची फार चर्चा असते. त्यात प्रेक्षकानं खुर्चीवर बसायचंच नाही. नाटक घडतं त्या जागेतच त्यानं हिंडायचं. पंचड्रंक नावाच्या ब्रिटिश नाट्यसंस्थेनं २००३ साली लंडनमध्ये ‘स्लीप नो मोअर’ केलं. २०११ पासून ते न्यू यॉर्कमध्ये सुरू झालं आणि जानेवारी २०२५ पर्यंत चाललं. शांघायमध्येही झालं. मूळ कथा शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ची. न्यू यॉर्कमध्ये त्यासाठी एक अख्खी बहुमजली इमारत घेतलेली होती आणि तिचं केलं होतं हॉटेल. त्यात एक मजला म्हणजे एक छोटं गाव, नाव गॅलो ग्रीन. अंधारी गल्ली, शिंप्याचं दुकान, मिठाईचं दुकान, मेलेल्या प्राण्यांत भुसा भरणाऱ्याचं दुकान. प्रेक्षक दुकानात शिरून कपाटं उघडू शकतो, पत्रं वाचू शकतो. नट शेजारून धावत जातात, कुणाच्या मागं जायचं ते आपण ठरवायचं.

नियम मात्र दोन. प्रत्येक प्रेक्षकानं पांढरा मुखवटा घालायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ विचार करत होतो. गाव आहे, गल्ली आहे, आपण गल्लीच्या मधोमध उभे आहोत, पण आपल्याला चेहरा नाही आणि आवाज नाही. म्हणजे आपण भूत झालो. कल्पना मोठी बुद्धीची आहे, यात वाद नाही. एकट्यानं गूढ अनुभवण्यासाठी ती ठीकच. पण आपल्याकडे माणूस नाटकात शिरतो तो उलट्या वाटेनं. तो चेहऱ्यासकट शिरतो, हसण्यासकट शिरतो, आणि शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवर थाप मारून शिरतो.

ही आपली वाट जुनी आहे. इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. तिथं सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी भारुडं रचली. भारूड म्हणजे तरी काय? अख्खं गाव रस्त्यावर आणून उभं करणं. वासुदेव येतो, जोशी येतो, गोंधळी येतो, भुत्या येतो, वाघ्या येतो, मुका येतो, बहिरा येतो, फकीरही येतो. नाथांनी स्वतः संस्कृत पंडितांच्या घरचे असून या सगळ्यांच्या तोंडून, ज्याच्या त्याच्या बोलीत बोलायचं ठरवलं. त्यांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ तर प्रसिद्धच आहे. त्यात दोघं कडाकडा भांडतात, एकमेकांची उणीदुणी काढतात आणि शेवटी गळ्यात गळा घालतात. मला त्यातलं भांडण फार महत्त्वाचं वाटतं. आपण हल्ली भांडण टाळतो आणि घर बदलतो. नाथांच्या गावात माणसं भांडायची, पण घरं बदलत नव्हती.

भारूड करणारा लोकांत उभा राहतो. पदर घेतला की बाई, काठी घेतली की म्हातारा. हाच धागा पुढं लक्ष्मण देशपांडे यांच्या उपरण्यात आला, असं मला नेहमी वाटतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे धानाची कापणी झाली की झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. पाहुणेरावळे नाटकाच्या निमित्तानं गावात येतात, नाटकाच्या मांडवात सोयरिकी जुळतात. नाशिक-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात बोहाड्याची सोंगं गावाच्या रस्त्यावरून निघतात, दोन्ही बाजूंना गाव उभं असतं. तिथं मुखवटा नाचणाऱ्याच्या तोंडावर असतो, बघणाऱ्याच्या नाही. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

शहरी रंगभूमीलाही या गोष्टीची ओढ होतीच. १९७०च्या दशकात बादल सरकार यांनी कोलकात्यात रंगमंचच सोडून दिला आणि प्रेक्षकांच्या मधोमध नाटक केलं. त्यांचं ‘मिछिल’ १९७४चं, ‘जुलूस’ या नावानं ते आपल्याकडे अमोल पालेकरांनी आणलं. त्याच्या आधी, १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ आलं. जब्बार पटेलांनी त्यात भिंत उभी केली ती माणसांची. एका ओळीत उभी राहिलेली माणसं, हीच भिंत. ती डोलते, गाते, मागं चाललेलं झाकते आणि हवं तेव्हा उघडते. म्हणजे गाव हे माणसांचं बनतं आणि गावाची भिंतही माणसांचीच बनते. आत घेणारी तीच माणसं आणि बाहेर ठेवणारी तीच. ‘घाशीराम’नं हे जितकं ठसठशीत दाखवलं, तितकं क्वचितच कुणी दाखवलं असेल.

इथं मला थोडं स्वतःविषयी बोललं पाहिजे. मी मराठीत कविता लिहितो. घरात आम्ही दखनी बोलतो. ‘हौ’ आणि ‘नक्को’ ही आमच्या घरातली दोन मोठी वाक्यं. त्यातलं ‘नक्को’ मराठीतून आलं, हे वेगळं सांगायला नको. नाटकातली आणि सिनेमातली गावं मी लहानपणापासून बघत आलो. त्या गावांत माझ्यासारखा माणूस यायचा तो बहुधा दोनच कामांसाठी. एक तर अत्तर विकायला, नाही तर मोगल सरदार होऊन दाढी कुरवाळायला. मधला माणूस, म्हणजे शाळेची फी भरणारा, रेशनच्या रांगेत उभा राहणारा, कवितेच्या मात्रा मोजणारा, तो कुठं दिसत नसे. अपवाद होते. पण एकूण हिशेब हाच. प्रेक्षकाला आत घेणारं नाटक म्हटलं, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा: आत घेतलं तर खरं, पण बसायला कुठं सांगणार?

म्हणून २०१२ साली आलेलं एक नाटक माझ्यासाठी मोठी घटना होती. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, लेखन राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. आणि त्यातले बरेच कलावंत आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या, समर्थ रामदासांच्या जांब गावचे. शेतीभाती करणारी पोरं. गोष्ट अशी, की यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो. महाराज तर जातात, पण त्यांचे विचार मागं राहतात, पगडीत. मग ती पगडी कुणाच्या डोक्यात बसते, याचा शोध एका मोहल्ल्यात सुरू होतो. जो तो पुढं येतो. कुणाला ती सैल होते, कुणाला घट्ट होते.

आता सांगा, यात प्रेक्षकाला मुखवटा घालायची काय गरज? पगडी रंगमंचावर फिरत असते आणि खाली बसलेला प्रत्येक जण नकळत आपल्या डोक्याचं माप घेत असतो. मीही घेतलं. ‘ही आपली नाही’ असं कुणी मला आधीच सांगितलेलं नव्हतं. नाटकानं सगळ्यांना एकच सवाल केला: नाव कुणाचं घेता ते राहू द्या, वागता कसं ते बोला. हा सवाल मोहल्ल्यातल्या सगळ्या घरांना सारखाच होता. हॉलमध्ये मी पाहुणा नव्हतो, परीक्षार्थी होतो, आणि शेजारी बसलेलेही सगळे परीक्षार्थीच होते. त्या दिवशी मला बसायला नीट जागा मिळाली, असं मी म्हणेन.

श्रोतेहो, मी पुंडलिकनगरात राहतो. गारखेडा परिसरात, गजानन महाराज मंदिराकडून आलं की आमची वस्ती लागते. तिला गाव म्हणावं की शहर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. इथं जालन्याकडची माणसं आहेत, बीडची आहेत, परभणी-हिंगोलीची आहेत. कुणी चिकलठाण्याच्या कंपनीत लागलं म्हणून आलं, कुणी दुष्काळात आलं, कुणी पोरांच्या शिक्षणासाठी. प्रत्येकानं आपलं गाव सोबत आणलं आणि ते दहा बाय बाराच्या खोलीत मावलं नाही म्हणून थोडं ओट्यावर ठेवलं. एकाच गल्लीत ‘कामून’, ‘कशापायी’ आणि ‘कायकू’ अशा तीन तऱ्हांनी ‘का’ विचारलं जातं. असं चमत्कारिक गाव कुठल्या नाटककाराला सुचायचं नाही.

इथं येण्याआधी मी शहरातल्या दुसऱ्या एका वसाहतीत खोली बघायला गेलो होतो. घरमालकांनी चहा पाजला, कविता लिहितो म्हटल्यावर कौतुक केलं. मग पूर्ण नाव विचारलं. नाव ऐकल्यावर त्यांना आठवलं, की खोली कालच गेली. ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी तिथं पुढचे दोन महिने होती. ही हकिकत मी तक्रार म्हणून सांगत नाही. आमच्या मोहल्ल्यांतही दुसऱ्या नावाच्या माणसाला खोली सहज मिळते असं नाही. सांगायचं इतकंच, की या शहराचे जुने दरवाजे पडले तरी नवे, न दिसणारे दरवाजे खूप उभे राहिले आहेत.

२०२३ साली या शहराचं नाव बदललं. त्याआधीही ते बदललेलंच होतं. मलिक अंबरनं १६१० साली वसवलं तेव्हा ते खडकी होतं. मग फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. नावावरून माणसं वाद घालतात, घालोत. पण नाव कुठलंही असलं, तरी पाणी त्याच नाथसागरातून येतं आणि कित्येक दिवसांआड येतं. आमच्या गल्लीतल्या नाटकाची सुरुवातही या पाण्यापासूनच झाली.

झालं असं, की नाव बदललं त्याच वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतल्या कॉलेजच्या पोरांनी एक बेत काढला. मंडप नाही, पडदा नाही. गल्लीतले सात ओटे हेच रंगमंच. बघणाऱ्यांनी एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्याकडे चालत जायचं. विषय ‘नळाला पाणी आलं तो दिवस’. आणि एक अट. कुणी स्वतःचं काम करायचं नाही. प्रत्येकानं गल्लीतल्या दुसऱ्या कुणाचं तरी काम करायचं, त्याच्या बोलीत बोलायचं. चिठ्ठ्या टाकल्या. मला निघाले जिंतूरकडचे काका, कंपनीतून निवृत्त झालेले. आणि योगायोग असा, की काकांना निघालो मी.

काकांची आणि माझी ओळख अकरा वर्षांची. ‘काय कविराज, नवीन काय?’ ‘काही नाही काका, तुमचं?’ एवढी. या अकरा वर्षांत ना ते माझ्या घरात आले होते, ना मी त्यांच्या. चिठ्ठी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते दारात उभे. म्हणाले, “कविराज, तुमचं सोंग काढायचंय तर तुम्ही घरात कसे असता ते बघावं लागंल ना.” आले, बसले, चहा घेतला. हात धुवायला न्हाणीत गेले आणि तिथूनच ओरडले, “अहो, तुमच्याकडं पण तारखा लिहितात!” आमच्या पाण्याच्या ड्रमांवर माझी बायको खडूनं तारीख लिहिते, कुठलं पाणी कधीचं ते कळावं म्हणून. काकूही तसंच करतात. अकरा वर्षांत जे कळलं नव्हतं ते एका चिठ्ठीनं कळलं.

प्रयोगाच्या दिवशी पोरांनी काकांसाठी जाळीची पांढरी टोपी आणून ठेवली होती. कुणी अत्तराची बाटलीही आणली होती. पोरांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनीही नाटकं-सिनेमेच पाहिलेले. काकांनी टोपी हातात घेतली, बघितली आणि परत दिली. म्हणाले, “हा माणूस टोपी घालून पाणी भरत नाही.” मग त्यांनी माझं काम केलं. चष्मा कपाळावर ढकललेला, एका हातानं पाइप धरलेला, दुसऱ्या हाताच्या बोटांवर कसली तरी मोजदाद चाललेली, आणि ड्रम भरून वाहू लागला तरी लक्ष नाही. शेजारच्या मावशी खालून ओरडल्या, “भाऊ, पाणी चाललंय ना!” साठ-सत्तर माणसं एकदम हसली. त्यांनी मला ओळखलं. टोपीशिवाय, दाढीशिवाय, नावाशिवाय ओळखलं. मी बोटांवर मात्रा मोजतो हे मला स्वतःलाही इतकं ठाऊक नव्हतं.

काकांचं काम करण्यासाठी मीही त्यांच्या घरी दोन संध्याकाळी जाऊन बसलो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कंपनीचं ओळखपत्र ते शर्टाच्या खिशात ठेवतात. पाणी सोडताना व्हॉल्व्ह फिरवावा तसा नळ दोन टप्प्यांत फिरवतात. हे मी ओट्यावर केलं आणि लोकांना आवडलं. पण आणखी एक गोष्ट मी तिथं पाहिली होती. ती मी ओट्यावर केली नाही आणि इथंही सांगणार नाही. दुसऱ्याच्या घरात शिरलं, की सगळंच दिसतं. त्यातलं काय बाहेर आणायचं आणि काय तिथंच ठेवून यायचं, हे नटाला कळावं लागतं, शेजाऱ्यालाही. प्रेक्षकाला कपाटं उघडायला देणाऱ्या नाटकांविषयी मला हीच एक शंका आहे. तिथं कपाट कुणाचंच नसतं. गल्लीतलं कपाट कुणाचं तरी असतं.

तुम्ही विचाराल, नाटकामुळं झालं काय? एकदम सगळं गोड झालं, असं मी सांगणार नाही. गाड्या कुठं लावायच्या यावरून आमच्या गल्लीत आजही भांडणं होतात. स्पीकरच्या आवाजावरून होतात. दुसऱ्या वर्षी पोरं परीक्षा आणि नोकऱ्यांत अडकली, नाटक झालंच नाही. पण त्यानंतर एकदा शहरात कुठं तरी दगड पडल्याची बातमी आली. मोबाइलवर खऱ्याखोट्या निरोपांचा पूर आला. आम्ही दारं लावून बसलो होतो. रात्री साडेदहाला काकांचा फोन आला. “कविराज, जेवलात का? आणि घाबरू नका, मी ओट्यावरच बसलोय.” एवढंच बोलले. मी खिडकीतून पाहिलं. ते खरोखरच बसले होते, शाल पांघरून. थोड्या वेळानं मीही बाहेर जाऊन बसलो. मग पलीकडच्या मावशींचा मुलगा आला. कुणी भाषण केलं नाही. चिकलठाण्याच्या कंपनीत पूर्वी दिवाळीला किती बोनस मिळायचा, यावर बोलत आम्ही बारापर्यंत बसलो.

लोक म्हणतील, हे नाटकानं झालं की चांगुलपणानं? चांगुलपणा काकांत आधीपासूनच होता. पण अकरा वर्षं त्याला माझ्या घरात यायला निमित्त सापडलं नव्हतं. नाटकानं ते निमित्त दिलं. सोंग काढायचं तर माणूस जवळून बघावा लागतो, आणि जवळून बघितलेल्या माणसाविषयी मोबाइलवर आलेलं काहीही झटकन खरं वाटत नाही.

लक्ष्मण देशपांडे यांनी बावन्न माणसं अंगात घेतली, ती अशीच जवळून बघून घेतली असणार. हसण्यासाठी नक्कल पुरते, पण तीन तास पुरण्यासाठी त्या माणसांवर जीव असावा लागतो. आपल्याला बावन्न जमणार नाहीत. एक तरी जमावं. आपल्या गल्लीत, आपल्या अपार्टमेंटमध्ये एखाद्या सुट्टीला हा खेळ करून बघा. खर्च काही नाही. चिठ्ठ्या टाका, ज्याचं नाव निघेल त्याच्या घरी जा. चहा घ्या. तो कसा बसतो, कशावर चिडतो, पाणी कसं भरतो ते बघा. आणि त्याच्यासाठी कुणी टोपी, टिळा किंवा कसली झूल आणून ठेवली असेल, तर ती हातात घेऊन एकदा विचार करा, की हा माणूस घरात खरंच असा असतो का?

ज्या नाटकांत प्रेक्षक आत शिरतो त्यांचं जगभर कौतुक होतंय, होऊ द्या. पण त्यासाठी मोठी इमारत आणि महागडं तिकीट लागतंच असं नाही. शेजारच्या घराचं दार ठोठवायची तयारी मात्र लागते.